ओली पाटी

पाटी. दारावर. जुनी.
*आत्याचं पाळणाघर. मुलं सांभाळली जातील. आजारी मूल आणू नये.*

आत्या ही त्या पाळणाघरातल्या कुणाचीच आत्या नव्हती. सगळ्यात पहिलं मूल आलं ते तिच्या भावाचं. ते आत्या म्हणायचं म्हणून पुढची म्हणाली, मग त्यांचे आईबाप म्हणायला लागले, मग दूधवाला. आता तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला आत्या म्हणत आणि ती मुकाट्याने ओ देई.

पाटी तिच्या मुलाने रंगवलेली. त्याला सगळी गल्ली पेंटर म्हणते. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचा जरासा तिरळा सिंह, सगळं त्याच्या हातचं. त्यामुळे या घरात काही सांगायचं असलं की पाटी लागायची. ‘चपला बाहेर.’ ‘नळ गळतो, घट्ट बंद करा.’ ‘मुलं झोपली आहेत, बेल वाजवू नये.’

“तोंडाने सांगितलेलं लोक या कानाने ऐकतात, त्या कानाने सोडतात,” आत्या म्हणायची. “रंगात लिहिलं की मानतात.”

खोली एकच, पण लांबलचक. खिडकीखाली गाद्यांची चळत, कोपऱ्यात बेसिन, बेसिनपुढे मुलांचे हात पोचावेत म्हणून एक लाकडी खोकं. टोकाला पडदा, पडद्यामागे दोन पाळणे. एकात आत्याचा नातू, पाच महिन्यांचा. कपड्यात गुंडाळला की नेमका कुठून सुरू होतो ते कळत नसे, म्हणून त्याला गठुडं म्हणत. दुसऱ्यात चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंची मुलगी, गठुड्याहूनही लहान, नुकतीच कुशीवर वळायला लागलेली. चष्मेवाली दिवसभर नवऱ्याबरोबर दुकानात बसायची. दुकान चार दारं सोडून. दूध पाजायला ती मधूनच पळत यायची, गळ्यात दोरीचा चष्मा उडवत.

गठुड्याची थोरली बहीण भिंगरी. वय चार. नावाप्रमाणेच एका जागी ठरत नसे.

आणि मग रेल्वे फाटकाच्या पलीकडे गोवर निघाला.

&nbsp;

पाटी. शाळेच्या फाटकावर. कागदी, सरकारी.
*आज येथे गोवराची लस दिली जाईल.*

नर्सबाई आल्या, बर्फाची निळी पेटी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसल्या. टोचलं की डाव्या अंगठ्याच्या नखावर जांभळ्या पेनाने रेघ. मुलं रडत टेबलाशी जायची आणि नख मिरवत परत यायची. भिंगरीला पेंटर घेऊन गेला. तिच्या आईला, म्हणजे आत्याच्या सुनेला, कापडगिरणीत सकाळची पाळी होती.

काम आटोपल्यावर नर्सबाई पाळणाघरात डोकावल्या. आत्याने पडदा सरकवला.

“या दोघांना?”

“यांना नाही देता येत अजून. नऊ महिने पुरे होऊ देत.”

“आणि तोवर?”

“तोवर यांची लस म्हणजे ती.” नर्सबाईंनी मागे बोट दाखवलं. मागे मुलं एकमेकांच्या डोक्यावर डबे ठेवत होती. “आसपासच्या सगळ्यांना टोचलेलं असलं ना, की गोवराला इथवर यायला वाट मिळत नाही. पण एक जरी सुटलं, आत्या, तर वाट झाली.”

नर्सबाई चहा न घेता गेल्या. ते शेवटचे दोन शब्द मात्र बसून राहिले. आत्याला रोज काम करताना ते ऐकू येत. डबे धुताना, गाद्या घालताना, कुणाचं तरी नाक पुसताना. वाट झाली. कुणातून?

&nbsp;

पाटी. दारावर. नवी, लाल.
*आधी नख दाखवा. खूण असेल तरच आत.*

“आई, फारच कडक होतंय हे,” पेंटर म्हणाला. “लोक दुखावतात.”

“दुखावू देत. तू लिही.”

“ज्यांना द्यायची त्यांनी दिली असेल. आपण कोण बघणारे?”

“पडद्यामागे तुझंच पोरगं आहे. आपण नाही बघायचं तर कुणी?”

एका बैठकीत पाटी हातावेगळी करणारा माणूस. त्या दिवशी त्याने ‘नख’ दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहिलं. आत्याला वाटलं, डोळ्यांवर ताण आलाय. चष्मेवालीकडे दाखवायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दारात रांग. आत्या खुर्ची टाकून बसायची, एकेक अंगठा धरून उजेडाकडे वळवायची. आईबाप कुरकुरायचे.

“आत्या, आता पासपोर्ट पण बघा.”

“आणा, बघते.”

“आमच्या पोराला कामाला ठेवताय की झोपवताय?”

हसत होती माणसं, पण आपलं मूल आत गेलं की मागच्याच्या अंगठ्याकडे डोळा ठेवून जरा वेळ दारात रेंगाळत. हळूहळू आत्या सांगेल त्याच्याही पुढे जाऊन माणसं बघायला लागली. कुणाचं पोर शिंकलं. कुणाच्या बापाचं फाटकापलीकडे जाणंयेणं आहे. कुणी उत्तर द्यायला वेळ लावला.

&nbsp;

नखं.

रिक्षावाल्याचा मुलगा: रेघ अर्धी. बाकीची त्याने दाताने खाल्ली.

शिंपिणीची मुलगी: फिकट, पण आहे.

शिंपिणीची दुसरी मुलगी: आहे की नाही? आहे. की तो शाईचा डाग?

बँकेतल्या बाईंचा: चांगली होती, काल. आज नाही. बाई म्हणतात आंघोळीला घासलं. इतकं कशाला घासलं?

भिंगरी: ठसठशीत. जांभळी. कालच काढल्यासारखी.

पहिल्या आठवड्यानंतर जवळजवळ सगळ्यांच्या रेघा विटत चालल्या. आत्या मुलांचे हात दिवसातून कितीदा तरी धुवायची, खाण्याआधी, खाण्यानंतर, वाळूत खेळून आल्यावर, उगीचच. तिला तिचं साबणपाणी दिसलं नाही. तिला दिसली ती एकच रेघ, टिकलेली. ती भिंगरीला खुर्चीशेजारी उभी करायची आणि आईबापांना तिचा अंगठा दाखवायची.

“ही बघा. खरी असली की अशी राहते.”

भिंगरीला भारी मजा वाटायची. ती अंगठा वर करून मंत्र्यासारखी उभी राहायची.

&nbsp;

परांचीवाल्याची बायको.

गल्लीच्या तोंडाशी नवी इमारत चढत होती. भिंतीला बांबूंचा जो सांगाडा बांधतात, ती परांची. ती बांधणारं कुटुंब इमारतीतच एका बिनदाराच्या खोलीत राहायचं. इमारत झाली की पुढच्या इमारतीला. त्यांचा मुलगा तीन वर्षांचा, काळाभोर, टणक, समोर येईल त्याला चावणारा. गल्लीतल्या मुलांनी त्याचं नाव मुंगळा ठेवलं होतं.

“अंगठा,” आत्या म्हणाली.

परांचीवालीने मुंगळ्याचा हात पुढे केला. नखात सिमेंट, नखावर सिमेंट. आत्याने ओल्या फडक्याने पुसलं. खाली कोरं नख.

“खूण कुठाय?”

“होती. गेली. दिवसभर रेतीत असतो हा.”

“टोचली कुठे?”

“शाळेतच की. तुमच्या त्या नर्सबाईंनी. आणि याच्या आधीच्या ठिकाणी पण एकदा टोचलीय.”

“आधीचं ठिकाण म्हणजे फाटकापलीकडचं?”

परांचीवालीने मुंगळ्याचा हात मागे घेतला. प्रश्न कुठे निघालाय ते तिला कळलं. मागे चष्मेवाली दूध पाजायला म्हणून आली होती, ती आत्याच्या कानाशी लागली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“या लोकांचं काही खरं नसतं हं आत्या. आज इथे, उद्या तिथे. कुठून काय घेऊन येतील.”

“बाई,” परांचीवाली म्हणाली, “मी खोटं कशाला बोलू? मला याला कुठे तरी ठेवायचंय. वर चढताना याला खांबाला बांधून ठेवावं लागतं मला.”

“मग नर्सबाईंकडून खूण करून आण. खूण असेल तर माझी ना नाही.”

“नर्सबाई कुठे भेटणार? त्या गावभर फिरतात.”

“ते मी काय सांगू?”

परांचीवालीने मुंगळ्याला कडेवर उचललं. जाता जाता तिने पाटीकडे पाहिलं, मग आत्याच्या हातांकडे.

“तुमचं नख कोण बघतं?” तिने विचारलं.

चष्मेवालीला हसू आलं. आत्याला नाही. बाई उर्मट आहे, तिला वाटलं. पण त्या रात्री जेवताना तिने सुनेला सगळं सांगितलं, आणि सांगताना ‘दुसरं काय करणार होते मी’ असं तीन वेळा म्हणाली. पेंटर ताटातून डोकं वर न काढता जेवत होता. रंगाने काळवंडलेला त्याचा अंगठा ताटाच्या कडेवर वाजत होता.

&nbsp;

पाटी. पडद्यावर पिनेने अडकवलेला पुठ्ठा.
*पलीकडे तान्ही बाळं. इथे यायचं नाही.*

भिंगरी वाचू शकत नव्हती.

नाक गळायला लागलं तेव्हा आत्या म्हणाली, थंडी आहे. खोकला झाला तेव्हा म्हणाली, गेल्या आठवड्यात बापाबरोबर फिरत होती ना, धूळ बसली छातीत. कुठे फिरत होती ते तिने विचारलं नाही. डोळे लाल झाले तेव्हाही तिच्या मनात दुसऱ्याच पोराचं नाव आलं. तो मुंगळा. दारापर्यंत तर आलाच होता. भिंगरी तिथेच उभी होती, अंगठा वर करून. देवा, त्या एवढ्याशा वेळात?

पण भिंगरीला टोचलेलं होतं. खूण होती. म्हणून आत्या निश्चिंत होती आणि भिंगरी पडद्याखालून सरपटत जाऊन गठुड्याला हसवत होती. चष्मेवालीच्या मुलीचंही बोट धरत होती. मुलगी बोट सोडत नसे, भिंगरीला ते फार आवडायचं.

चौकटीवर लाल रंगाचा एक ओघळ सुकला होता, नव्या पाटीचा. एका दुपारी मुलं झोपल्यावर आत्याने पेंटरची टर्पेंटाइनची बाटली घेतली, फडकं भिजवलं आणि ओघळ पुसायला घेतला. भिंगरी अंगाने गरम होती, झोपत नव्हती, पायाशी घुटमळत होती. तिने फडक्याचं दुसरं टोक पकडलं.

“सोड. घाण वास येतो हाताला.”

भिंगरीने सोडलं. फडक्यावर जांभळं उमटलं होतं.

आत्याने तिचा हात धरला. अंगठ्यावरची रेघ एका कडेने उचलली गेली होती, नेलपॉलिश निघतं तशी. आत्याने नखाने खरवडलं. पापुद्रा निघाला. त्याखाली आणखी एक पापुद्रा, जरा वेगळ्या जांभळ्याचा. निळ्यात लाल कमी पडलेला. त्याखाली स्वच्छ गुलाबी नख.

“हे कुणी लावलं?”

“बाबांनी.”

“कधी?”

“लावतात.” भिंगरीने नाक ओढलं. “छोट्या ब्रशने. गुदगुल्या होतात. निघालं की परत लावतात.”

“टोचलं तेव्हा रडलीस का तू? शाळेत. नर्सबाईंनी टोचलं तेव्हा?”

“आम्ही नाही गेलो शाळेत. आम्ही आइसक्रीम खाल्लं.”

आत्याने तिला उचललं, खिडकीशी नेलं, केस बाजूला केले. कानामागे बारीक लाल पुरळ. मानेवर उतरायला लागलेलं.

ती तशीच उभी राहिली. झोपलेल्या मुलांच्या श्वासांचा आवाज येत होता. आणि पडद्यापलीकडून एका तान्ह्या आवाजाचं गुळगुळ बोलणं. कुणाचं, तेही तिला कळेना.

&nbsp;

पेंटर जेवायला घरी आला तेव्हा ती दारातच होती. तिने पापुद्रा तळहातावर धरला होता.

“हे काय आहे?”

त्याने पाहिलं. चपला काढायला खाली वाकला.

“बोल. गल्लीतल्या पोरापोरांचे अंगठे तपासले मी. तुझ्याच रंगाची पाटी लावून.”

“पहिल्या वेळी काय झालं होतं ते तुला माहीत नाही,” तो म्हणाला. “ती कुठली तरी तान्हेपणीची लस. त्या रात्री ताप चढला, डोळे पांढरे केले तिने. माझ्या हातात. तू भावाकडे गेली होतीस. ही गिरणीत. मी एकटा होतो, आई. मला वाटलं, गेली. त्यानंतरच्या लसींनाही नेतो म्हणालो, पण नेलं नाही.”

“मग सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तू ओढत नेलं असतंस.”

“नेलंच असतं!”

“म्हणून. आणि एवढे का मागे लागतात ते? घरी येऊन, फुकट, वर गोड बोलून. माझी एक पाटी कुणी फुकट मागितली तर देतो का मी? यात काहीतरी असणारच, असं वाटलं मला. आणि बाकी सगळ्यांनी घेतली होती. एका मुलीने नाही घेतली तर काय बिघडतं? सगळी आहेत ना भोवती.”

“बाकीच्यांच्या जिवावर.”

“हो,” पेंटर म्हणाला. “बाकीच्यांच्या जिवावर.” आणि मग, अगदी हळू, “फाटकापलीकडे एका किराणा दुकानाची पाटी होती. तिला घेऊन गेलो होतो मी. दुकानदाराचं पोर आजारी होतं, ते मला नंतर कळलं.”

“तरी गप्प बसलास.”

“रोज तिचं कपाळ बघत होतो.”

आत्याने त्याच्या तोंडात मारायला हात उचलला आणि त्याच हाताने फोन उचलला. नर्सबाई गाडीवर होत्या, वाऱ्यात ओरडून बोलत होत्या.

“तान्ही किती आहेत तिथे?”

“माझा नातू आणि…” आत्याने पडद्याकडे पाहिलं. “आणखी एक.”

“दोघांना मोठ्या दवाखान्यात न्या. लस नाही, वेगळं इंजेक्शन असतं, संसर्ग झाल्यावर लवकर दिलं तरच उपयोगाचं. आधीच दिवस गेलेत. आजच्या आज, आत्या. त्या दुसरीच्या आईला सांगा.”

“सांगते.”

“आत्ता सांगा.”

“हो. आणि नर्सबाई, तो परांचीवाल्यांचा मुलगा…”

“मुंगळा? त्याला मी स्वतः टोचलंय. मनगटाला चावला मला, अजून वळ आहे. का?”

“काही नाही,” आत्या म्हणाली.

&nbsp;

त्या दुपारी जे झालं ते क्रमाने.

सून गिरणीतून धावत आली. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

आत्याने शेजारच्या शिंपिणीला बोलावून मुलं घरोघर पोचवली. काय झालं, असं शिंपिणीने विचारलं. भिंगरीला ताप आहे, आत्या म्हणाली. तेवढंच.

चष्मेवालीची मुलगी शिंपिणीनेच दुकानात नेऊन दिली. आत्या गठुड्याला गुंडाळत होती.

निघता निघता आत्या पेंटरला म्हणाली, “पाटी कर. सगळं लिही. काही लपवायचं नाही. सगळ्यांना कळलं पाहिजे.”

पेंटर जुना पत्रा घासायला बसला.

दवाखान्यात थांबावं लागलं. इंजेक्शन मिळालं. गठुडं एवढं रडलं की सुनेला हसू आलं, मग रडू आलं.

संध्याकाळी परतताना दोघी चष्म्याच्या दुकानावरून गेल्या. आत दिवे लागले होते. चष्मेवालीने काउंटरमागून हात हलवला. मुलगी तिच्या खांद्यावर होती, चष्म्याची दोरी चोखत.

“काय आत्या, आज लवकर सुट्टी दिलीत? कुठे गेला होतात सगळे?”

आत्या थांबली. रस्त्याची रुंदी ती केवढी. सुनेने तिच्याकडे पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, दोघांनीही वळून पाहिलं. आत्याला परांचीवाली आठवली, तिचं ‘तुमचं नख कोण बघतं’ आठवलं, आणि ही चष्मेवाली तेव्हा कशी हसली होती तेही.

“अगं, जरा… उद्या सांगते,” ती म्हणाली. “उद्या कळेलच.”

घरी पेंटरची पाटी भिंतीला टेकून उभी होती. अक्षरं सुंदर आली होती.

“हात लावू नकोस,” तो म्हणाला. “ओली आहे. आत्ता लावली तर ओघळेल. सकाळी लावू.”

“सकाळी लावू,” आत्या म्हणाली.

&nbsp;

पाटी. दारावर. वाळलेली.
*या घरातल्या मुलीला गोवर झाला आहे. तिला लस दिलेली नव्हती. नखावरची खूण खोटी होती, ती मी रंगवली. ज्यांची मुलं इथे होती त्यांनी ताबडतोब आरोग्य केंद्रात जावे. पेंटर.*

सकाळी सगळ्यात आधी चष्मेवाली आली, मुलीला घेऊन, नेहमीसारखी. तिने पाटी वाचली. चष्मा डोळ्यांवर चढवून परत वाचली.

“कधी कळलं?”

“काल.”

“काल कधी?”

आत्याने मुलीला घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला.

“आत्या, काल कधी?”

“दुपारी.”

“मी संध्याकाळी हाक मारली तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“रंग ओला होता गं,” आत्या म्हणाली.

तिला स्वतःलाच ते वाक्य ऐकू आलं. चष्मेवाली तिच्याकडे बघत राहिली. शिव्या देईल, ओरडेल, असं आत्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं होतं. चष्मेवालीने मुलीला घट्ट धरलं आणि ती वळून पळत सुटली. पळताना चष्मा छातीवर आपटत होता.

&nbsp;

पुढे.

गठुड्याला काही झालं नाही.

भिंगरी पुरळाने भरली, तापली, सुकली, आणि परत एका जागी ठरेनाशी झाली.

रिक्षावाल्याचा, शिंपिणीच्या दोघी, बँकेतल्या बाईंचा: कुणालाही काही नाही. विटलेल्या रेघांची ती सगळी मुलं ठणठणीत राहिली.

चष्मेवालीच्या मुलीला गोवर झाला. न्यूमोनिया झाला. ती बरेच दिवस दवाखान्यात होती आणि घरी आली तेव्हा निम्मी झाली होती. एका कानातून पाणी येत होतं. त्या कानाने नीट ऐकू येतं की नाही ते मोठी झाल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

आत्या त्या डॉक्टरांना जाऊन भेटली. मुलगी आदल्या दिवशीच दवाखान्यात आली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तिने नर्सबाईंना विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, आता नका विचारू, आत्या. तिने सुनेला विचारलं. सून म्हणाली, “तुम्ही थांबलात तेव्हा मीही तिथेच होते. मलाही तोंड होतं.”

सांगता येत नाही म्हणजे काय? म्हणजे नसता पडला फरक? की पडला असता, पण माझ्या तोंडावर कोण म्हणणार? ज्या बारकाईने ती अंगठे बघायची त्याच बारकाईने ती आता त्या संध्याकाळकडे बघत होती, उजेडाकडे वळवून वळवून. खूण दिसत नव्हती. असायलाच हवी, असं मात्र वाटत राहायचं.

पेंटरने एकट्याने आरोग्य केंद्रात जाऊन गठुड्याच्या लसीची तारीख विचारून घेतली. चष्म्याच्या दुकानाची पाटी उन्हाने उडाली होती, ती तो फुकट रंगवून देतो म्हणाला. चष्मेवालीचा नवरा म्हणाला, आम्हाला तुमच्याकडून फुकट काही नको.

&nbsp;

दारावर आता पाटी नाही. पत्रा जिथे होता तिथे भिंतीवर फिकट चौकोन आणि चार भोकं.

पाळणाघर पुन्हा उघडलं तेव्हा आत्याने नवी रीत घातली. नवं मूल घेऊन कुणी आलं की ती त्यांना आधी बसवते, पाणी देते आणि सगळं तोंडाने सांगते. नखाचं सांगते, आइसक्रीमचं सांगते, रंग ओला असल्याचं सांगते. मग म्हणते, मुलाला टोचलंय का ते माझ्यासमोर नर्सबाईंना फोन करून विचारू, माझ्याही नातवाचं विचारू. काही जण ऐकून उठून जातात. काही थांबतात.

परांचीवालीकडे ती स्वतः गेली. इमारत बरीच वर चढली होती. खाली खांबाला कमरेत दोरी बांधलेला मुंगळा वाळूत खड्डा करत बसला होता. आत्याला बघून त्याने दात दाखवले.

“त्याला पाठव,” आत्या वर बघत ओरडली. “माझं चुकलं.”

वरून नुसता बांबू आवळल्याचा आवाज आला.

दोन दिवसांनी परांचीवाली दारात आली, मुंगळ्याला कडेवर घेऊन. आत आली नाही. आधी तिने फिकट चौकोनाकडे पाहिलं.

“सांगा,” ती म्हणाली.

“काय?”

“जे सगळ्यांना सांगता म्हणे, ते. मला तुम्ही नुसतं चुकलं म्हणालात. मला पण सगळं सांगा.”

आत्याने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. मग आत्याही उभ्यानेच सांगायला लागली. परांचीवाली ऐकत होती, मधेच थांबवत होती. कोण होतं तेव्हा? कुणी पाहिलं? मग तुम्ही काय म्हणालात? तेव्हा माझ्या पोराचं नाव कुणी घेतलं? आत्याने प्रत्येकाचं उत्तर दिलं. आतून भिंगरी आली, आजीच्या मागे उभी राहिली आणि सवयीने तिने अंगठा वर केला. परांचीवालीने तो धरला, उजेडाकडे वळवला, नख नीट पाहिलं. कोरं होतं.

“आणि बाळाचं?”

“त्याचं वय झालं की टोचणार. तू ये बरोबर.”

“येणारच,” परांचीवाली म्हणाली. “बघितल्याशिवाय मी नाही मानत.”

मुंगळा कडेवरून खाली उतरायला वळवळत होता. तिने त्याला सोडलं नाही.

“याचं उद्या बघते,” ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कितीतरी वेळ दारात उभी होती. आत मुलं डबे वाजवत होती. गल्लीच्या तोंडाशी परांचीवर माणसं चढायला लागली होती, आणि खालच्या खांबापाशी कुणी आहे की नाही ते इथून दिसत नव्हतं.